राष्ट्रध्वजावरील चक्र : उगम, अर्थ आणि अपरांताचा वारसा

स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी गावोगावच्या विहारांसमोर तिरंगा फडकविला जातो. शेजारी पंचशील ध्वज असतो, भिंतीवर बोधिसत्त्व बाबासाहेबांची प्रतिमा असते, आणि ध्वजवंदनानंतर बोलणारा प्रत्येक वक्ता बहुधा एक वाक्य उच्चारतोच : ध्वजाच्या मध्यभागी असलेले चक्र आपले आहे, ते बाबासाहेबांनी दिले आहे. या वाक्यामागील अभिमान आम्हांस परका नाही. परंतु अभिमानाची वस्तू जितकी मोलाची, तितकी तिची कागदपत्रे नीट जपली पाहिजेत, असे आम्हांस वाटते. ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके इतरांनी लिहिला, त्या समाजाने आपला इतिहास लिहिताना पुराव्याची शिस्त अधिक कडक ठेवणे अगत्याचे आहे. म्हणून प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हे चक्र राष्ट्रध्वजावर कोणत्या मार्गाने आले, हा पहिला प्रश्न. आणि त्या चक्राचा अर्थ काय, हा दुसरा. हा विचार आम्ही रत्नागिरी जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून करीत आहोत. या निवडीस कारणे आहेत व ती लेखाच्या ओघात स्पष्ट होतील.

अपरांतातील अशोक

कोकणचे प्राचीन नाव अपरांत. सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या नेमणुकीचा वृत्तांत आहे. त्यात पश्चिमेकडील लोकांचा उल्लेख करताना अपरांताचे नाव येते. पाटलिपुत्र येथील तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर स्थविर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी निरनिराळ्या देशांत धम्मदूत पाठविले. महावंस या सिंहली ग्रंथानुसार अपरांतात जे स्थविर आले त्यांचे नाव योनक धम्मरक्खित. ‘योनक’ म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा. कोकणच्या किनाऱ्यावर धम्माचा पहिला संदेश एका परदेशी वंशाच्या भिक्खूने आणला, ही परंपरा जन्माधिष्ठित श्रेष्ठत्वाच्या कल्पनेला केवढे उत्तर देते, याचा वाचकांनी विचार करावा. याच ग्रंथानुसार महाराष्ट्रात महाधम्मरक्खित हे स्थविर आले.

परंपरेला दगडाचाही आधार आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन अपरांताचे मोठे बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा आशय ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा धम्मयात्रा झाल्या. तो या यात्रांमध्ये वृद्धांना भेटे, त्यांना दान देई, ग्रामीण जनतेत जाऊन धम्माविषयी बोले. सत्ता जनतेपर्यंत चालत गेली पाहिजे, हा विचार अपरांताच्या दगडावर बावीसशे वर्षांपूर्वी कोरला गेला होता.

रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीतही धम्माच्या खुणा आहेत. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे एकोणतीस लेण्यांचा समूह आहे. त्याचा आरंभ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास हीनयानी भिक्खूंच्या निवासांपासून झाला. नंतर तेथे वज्रयान पंथ आला, अक्षोभ्याची उपासना झाली, आणि त्यानंतर शैव, गाणपत्य व नाथ संप्रदायांनी ती लेणी आपलीशी केली. खेड शहरातही लहानशी बौद्ध लेणी आहेत. सह्याद्रीच्या पलीकडे कार्ले येथील चैत्यगृहासमोर महारठी अग्निमित्रणक याने दान दिलेला सिंहस्तंभ आजही उभा आहे. सारनाथच्या सिंहांची आठवण महाराष्ट्रातील दात्यांनी आणि शिल्पकारांनी आपापल्या परीने जिवंत ठेवली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

विस्मृती आणि पुनर्लाभ

तथापि ही आठवण पुढे पुसली गेली. ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही. अशोकस्तंभांना कोणी भीमाची लाठी म्हणू लागले, लेण्यांना पांडवांची घरे म्हणण्याची चाल पडली. आमच्या कोकणातही अनेक ठिकाणी हेच घडले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने अशोकाची ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा ‘देवानां पिय पियदसि’ हा राजा बोलू लागला. परंतु पियदसि म्हणजेच अशोक, याचा शिलालेखीय निर्वाळा मिळण्यास १९१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मस्की येथे अशोकाचे नाव असलेला लेख उजेडात आला.

दरम्यान १९०४-०५ च्या हंगामात सारनाथ येथे ओर्टेल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि तेथे अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष मिळाले. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. त्यांच्या पायाखाली गोलाकार पट्टी. त्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह. आणि दर दोन प्राण्यांच्या मध्ये एक, अशी चार चक्रे. या प्रत्येक चक्राला चोवीस आरे आहेत. सिंहांच्या मस्तकावर मुळात आणखी एक मोठे चक्र होते. ते भग्नावस्थेत सापडले. त्याच्या तुकड्यांवरून त्यास बत्तीस आरे असावेत, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. मूळ कल्पनेत सिंहांच्याही वर चक्र होते, म्हणजे बलाच्याही वर धम्म होता. आज राजमुद्रेत आपण पाहतो ते शीर्ष या वरच्या चक्राविना आहे.

लिपी वाचली गेल्यापासून ध्वजावर चक्र येईपर्यंत बरोबर एकशेदहा वर्षे लोटली. राष्ट्राने अशोकाला सतत उराशी बाळगले होते, असे म्हणणे खरे नाही. विसरलेल्या राजाला कुदळीने आणि अभ्यासाने परत आणले गेले. हा पुनर्लाभ झाला नसता तर १९४७ साली निवडावयास ते चक्रच उपलब्ध नसते.

तिरंग्यापूर्वीचे ध्वज

राष्ट्रध्वज एका दिवसात घडला नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथील समाजवादी परिषदेत मादाम कामा यांनी हिंदुस्थानचा म्हणून एक तिरंगी ध्वज फडकविला. त्यावर आठ कमळे, सूर्य व चंद्रकोर होती. १९१७ साली होमरूल चळवळीच्या काळात डॉ. ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळक यांनी दुसरा एक ध्वज पुढे आणला. टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीचा. तेव्हा ध्वजाच्या या टप्प्याशीही या जिल्ह्याचे नाते जुळते. त्या ध्वजावर तांबडे व हिरवे पट्टे आणि सप्तर्षींचे सात तारे होते. परंतु कोपऱ्यात ब्रिटिश युनियन जॅकही होता. मागणी साम्राज्याच्या चौकटीतील स्वराज्याची होती, आणि ध्वजानेही ती मर्यादा स्पष्ट दाखविली.

१९२१ साली पिंगली वेंकय्या यांनी बेझवाडा येथे तांबडा व हिरवा अशा दोन रंगांचा आराखडा गांधीजींना दाखविला. गांधीजींच्या सूचनेने त्यात पांढरा पट्टा आला आणि चरखाही आला. त्या वेळी रंगांचा अर्थ धर्मांवरून लावला जात होता : तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा. हा अर्थ अडचणीचा ठरला. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली, आणि एकदा रंग जमातींना वाटून दिल्यावर वाटणीला अंत राहत नाही, हे काँग्रेसच्या ध्यानी आले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस केशरी, पांढरा व हिरवा असा ध्वज चरख्यासह स्वीकारताना, या रंगांना जातीय अर्थ नाही, असे मुद्दाम सांगण्यात आले. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा, असा गुणवाचक अर्थ देण्यात आला. रंग जमातींकडून काढून गुणांकडे सोपविण्याची ही पायरी फार महत्त्वाची आहे. ‘यांपैकी आमचा रंग कोणता ?’ असा प्रश्न अस्पृश्य समाजाने विचारला असता, तर १९२१ च्या अर्थानुसार त्याला स्वतंत्र उत्तर नव्हते.

१९४७ ची समिती आणि ठराव

स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा संविधान सभेने २३ जून १९४७ रोजी ध्वजासाठी एक समिती नेमली. डॉ. राजेंद्र प्रसाद अध्यक्ष होते. सदस्यांमध्ये मौलाना आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, कन्हैयालाल मुनशी, के. एम. पणिक्कर, फ्रँक अँथनी, सरदार बलदेवसिंग यांच्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. हे दिवस बाबासाहेबांच्या दृष्टीने अस्थिरतेचे होते. ते संविधान सभेवर बंगालमधून निवडून गेले होते. फाळणीमुळे ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. ध्वज समितीचे काम याच काळात चालले.

काँग्रेसचा ध्वजच योग्य फेरफार करून, सर्व पक्षांस व जमातींस मान्य होईल अशा स्वरूपात स्वीकारावा, अशी समितीची शिफारस झाली. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला. त्याचा आशय असा : केशरी, पांढरा व गर्द हिरवा असे तीन समान आडवे पट्टे, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळ्या रंगाचे चक्र, चक्राचा व्यास सुमारे पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीएवढा, आणि ध्वजाच्या रुंदी-लांबीचे प्रमाण सामान्यतः दोनास तीन. चक्राविषयी ठरावात दोन गोष्टी एकत्र आहेत, आणि आमच्या वक्त्यांनी त्या दोन्ही सांगितल्या पाहिजेत. हे चक्र चरख्याचे प्रतीक म्हणून आहे, असे ठराव म्हणतो. आणि त्याची घडण सारनाथच्या अशोकस्तंभशीर्षावरील चक्राची असेल, असेही तोच ठराव म्हणतो. शब्द चरख्याचा ठेवला, रूप अशोकाचे घेतले.

असे का झाले ? नेहरूंनी सभागृहात व्यावहारिक कारण दिले. चाती व सूत असलेला चरखा ध्वजाच्या एका बाजूने सरळ दिसतो, दुसऱ्या बाजूने उलटा. चक्र दोन्ही बाजूंनी सारखे. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. अशोकाचे नाव ध्वजाशी जोडले गेल्याचा आनंद त्यांनी व्यक्त केला आणि अशोकाचा काळ हा भारताचे दूत परदेशी शांतता व सद्भाव घेऊन गेले तो काळ होता, हे निदर्शनास आणले. डॉ. राधाकृष्णन यांनी चक्राचा अर्थ धर्माचे, नियमाचे चक्र असा लावला आणि गती हेच जीवन असल्याचे प्रतिपादन केले. आदिवासींच्या वतीने जयपालसिंग बोलले. निरनिराळ्या जमातींच्या प्रतिनिधींनी पाठिंबा दिला आणि सभागृहाने उभे राहून ठराव संमत केला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसा मेहता यांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने ध्वज सभागृहास अर्पण केला.

श्रेयाचा प्रश्न

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. ध्वजाच्या ठरावात कोणाही एका व्यक्तीस चक्राचे श्रेय दिलेले नाही. नंतरच्या काळात ते अनेकांना दिले गेले. पिंगली वेंकय्यांचे नाव घेतले जाते. बद्रुद्दीन तय्यबजी या सनदी अधिकाऱ्याचे व त्यांच्या पत्नी सुरैया यांचे नाव घेतले जाते. आणि आमच्या समाजात बाबासाहेबांचे नाव घेतले जाते. बाबासाहेबांविषयी पुराव्याने काय सांगता येते ? ते निर्णय घेणाऱ्या समितीचे सदस्य होते, हे निर्विवाद आहे. त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी दोन नोंदी केल्या आहेत. कीर स्वतः जन्माने रत्नागिरीचे. पहिली नोंद अशी की, त्या दिवसांत मुंबईतील काही हिंदुत्वनिष्ठ पुढाऱ्यांनी बाबासाहेबांना विमानतळावर गाठून भगव्या ध्वजाचा आग्रह धरला होता. दुसरी नोंद डिसेंबर १९५४ मधील रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेची. तेथे बाबासाहेबांनी आपण धम्मासाठी केलेल्या कार्याचा उल्लेख करताना संविधानातील पाली अभ्यासाची तरतूद, राष्ट्रपती भवनावरील बौद्ध वचन आणि भारताने अशोकचक्राचा केलेला स्वीकार या गोष्टी सांगितल्या.

अर्थात बाबासाहेबांनी हे कार्य आपले मानले, आणि ते ज्या समितीवर होते त्या समितीनेच ते केले. एवढे म्हणणे पुराव्याला धरून आहे आणि एवढे पुरेसेही आहे. ‘एकट्या बाबासाहेबांनी सर्वांचा विरोध मोडून चक्र बसविले’, असे रंगवून सांगण्याची आवश्यकता नाही. तसे सांगितल्याने प्रतिपक्षास एक कच्चा दुवा हाती मिळतो आणि त्या दुव्याबरोबर खरी गोष्टही नाकारली जाते. कालामसुत्तात तथागतांनी केवळ परंपरेने आले किंवा पूज्य व्यक्तीने सांगितले म्हणून स्वीकारू नये, असा उपदेश केला. तो उपदेश आपल्या आवडीच्या कथांनाही लागू आहे.

चोवीस आरे

हीच शिस्त आरांच्या बाबतीत पाळावी लागेल. चोवीस आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास, असे शाळेत शिकविले जाते. कोणी चोवीस सद्गुणांची यादी देतात. आमच्या विहारांत प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांचा अनुलोम व प्रतिलोम क्रम मिळून चोवीस, असा अर्थ सांगितला जातो. अभिधम्माचे अभ्यासक पट्ठानातील चोवीस प्रत्ययांकडे बोट दाखवितात. यांपैकी कोणताही अर्थ ठरावात नाही, आणि अशोकाच्या शिल्पकारांनीही आपला हेतू लिहून ठेवलेला नाही. निळ्या रंगाचेही तसेच. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निळ्या झेंड्याशी आमचे मन तो रंग जोडते, परंतु ठरावात त्या रंगाचे कारण दिलेले नाही.

म्हणून प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ टाकून द्यावा काय ? आम्हांस तसे वाटत नाही. उगमाचा अर्थ वेगळा आणि उपासकाने चिंतनासाठी योजिलेला अर्थ वेगळा. दुःख कारणांनी उत्पन्न होते आणि कारणे दूर केल्यास निरुद्ध होते, हा बोध चक्राकडे पाहून होत असेल तर तो अवश्य व्हावा. मात्र तो चिंतनाचा अर्थ आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे, एवढा भेद सांगणाऱ्याने राखावा.

रत्नागिरीतील बंदिवान राजा

ध्वजाचा अर्थ समजून घेण्यास रत्नागिरी शहरातील एक वास्तू फार साह्य करते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा हा बौद्ध राजा होता. त्याच्या कोनबाऊंग घराण्याच्या पांढऱ्या ध्वजावर मोर होता. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, मोराचा ध्वज उतरला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये राजाला राणीसह रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा पूर्ण झाला. १९१६ च्या डिसेंबरमध्ये त्याचा येथेच अंत झाला. तीस वर्षे हा राजा अरबी समुद्राकडे पाहत राहिला. त्याची समाधी रत्नागिरीत आहे आणि डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी तिचे दर्शन घेतले.

ज्या १८८५ साली मंडालेवरील ध्वज उतरला, त्याच वर्षीच्या वैशाखी पौर्णिमेस कोलंबो येथे सहा पट्ट्यांचा बौद्ध ध्वज प्रथम फडकविण्यात आला. त्याच्या रचनेशी कर्नल ऑल्कॉट यांचे नाव जोडलेले आहे आणि पुढे जागतिक बौद्ध बंधुसंघाने तो सर्व बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला. या योगायोगातून आम्ही गूढ अर्थ काढीत नाही. परंतु एक भेद डोळ्यांत भरतो. मोराचा ध्वज एका घराण्याचा होता. राजा गेला तेव्हा तो उतरला. कोलंबोचा ध्वज कोणा राजाचा नव्हता, उपासकांचा होता. म्हणून परकीय सत्तेखालीही तो फडकत राहिला.

याच जिल्ह्यातील दापोली हे निवृत्त महार सैनिकांचे गाव. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, आणि सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले. गोपाळबाबा वलंगकरही सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले. या सैनिकांनी युनियन जॅकखाली रक्त सांडले. पुढे त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. १८९४ च्या सुमारास वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी विनंतीपत्र तयार केले. ज्या ध्वजाला आपण वंदन केले तो आपला नव्हता, याचा अनुभव दापोलीच्या त्या पेन्शनरांनी घेतला होता. ध्वज कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर वंदन कोण करतो यावरून मिळत नाही. त्या ध्वजाखाली कोणाला काय मिळते, यावरून मिळते.

चक्र केव्हा सरकते ?

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त या विषयावर मूलगामी प्रकाश टाकते. चक्रवर्ती राजाजवळ एक दिव्य चक्र असते. राजा धम्माने वागतो तोवर ते आपल्या स्थानी राहते. त्याचा अधिकार सरत आला की ते स्थानावरून ढळते. पित्याच्या पश्चात पुत्र गादीवर येतो, तेव्हा त्याला सांगितले जाते की हे चक्र वडिलोपार्जित मिळकत नाही. ते आपल्या आचरणाने मिळवावे लागते. पुढे एक राजा येतो. तो रक्षणाची व्यवस्था करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य, असा ऱ्हासाचा क्रम सुत्तात सांगितला आहे. त्या साऱ्या ऱ्हासाच्या मुळाशी निर्धनांची उपेक्षा आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला हा उपदेश समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याने तो खोतीच्या रूपाने भोगला होता. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. तो सारा वसूल करी, आपला वाटा ठेवी आणि कुणबी, महार आदी कुळांकडून वेठही घेई. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूण येथे भरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातील बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. ध्वज १९४७ साली आला. खोती मात्र १९४९ च्या कायद्याने, तो १९५० साली अमलात आला तेव्हा, कायद्यापुरती संपली. मधल्या काळात ज्या कुळाच्या गावी तिरंगा फडकला, पण ज्याच्या शेतावर खोताचा हक्क कायम होता, त्याच्यापुरते ते चक्र अजून जागेवर बसावयाचे होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी हीच गोष्ट राज्यशास्त्राच्या भाषेत मांडली. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत; ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असा त्यांनी इशारा दिला. सुत्तातील राजाच्या जागी येथे प्रजासत्ताक आहे, एवढाच फरक. अशोकाचे चक्र ध्वजावर आले ते अशोकाच्या मुकुटाविना आले. राजा नसल्यामुळे धम्माने वागण्याची जबाबदारी नाहीशी झाली नाही. ती सर्व नागरिकांत वाटली गेली.

उपसंहार

आज राष्ट्रध्वज घरावर लावण्याचा अधिकार सामान्य नागरिकास आहे. २००२ च्या ध्वजसंहितेने ती वाट मोकळी केली, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. २०२१ च्या अखेरीस संहितेत दुरुस्ती होऊन खादीबरोबर यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या कापडासही मान्यता मिळाली. ठरावातील शब्द चरख्याचा होता. कापडातून चरख्याची सक्ती गेली, आणि सारनाथचे रूप तेवढे अबाधित राहिले.

यापुढे विहारासमोर ध्वजवंदन होईल तेव्हा वक्त्यांनी मुलांना या तीन गोष्टी सांगाव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, हे चक्र सारनाथचे आहे, ते विस्मृतीतून परत मिळविलेले आहे, आणि ज्या समितीने ते ध्वजासाठी निवडले तिच्यात बाबासाहेब होते. दुसरी, अशोकाच्या धम्माची शिला आपल्या अपरांतातच सापडली आहे. म्हणून हा वारसा दूरच्या मगधाचा नाही, आपल्या घरचाही आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, चक्र हे वडिलोपार्जित मिळकत म्हणून कोणास मिळत नाही, आम्हांसही नाही. गावातील भूमिहीनाला काम आहे काय, पाणवठा सर्वांना खुला आहे काय, शाळा सोडलेली मुलगी पुन्हा वर्गात गेली काय, या प्रश्नांची उत्तरे ज्या गावात होकारार्थी येतील, त्या गावात ते चक्र आपल्या स्थानी आहे असे समजावे. जेथे ती नकारार्थी येतील, तेथे वंदन आटोपल्यावर काम सुरू करावयाचे आहे.